बेटावरचा सरळ कालवा

वक्त्याने लेझरचा लाल ठिपका पडद्यावरच्या डोंगरावर टेकवला आणि खडकबाईंनी मांडीवरच्या कागदावर आणखी एक फुली मारली. भाषण अजून निम्मंही झालं नव्हतं आणि फुल्यांनी कागदाची एक बाजू भरत आली होती.

खडकबाई हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. कॉलेजात भूशास्त्र शिकवता शिकवता ते मागच्या बाकांवरून मिळालं होतं आणि आता शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तेच वापरत. प्राचार्य तेवढं तोंडावर म्हणत नसत. ग्रंथालयाच्या सभागृहात आज बाईंना मुद्दाम बोलावलं होतं. बुडालेल्या नगरीवर पुस्तक लिहून गाजलेला हा गृहस्थ आधी बोलणार, मग खडकबाईंनी उठून त्याचा समाचार घ्यायचा, असा संयोजकांचा बेत होता. बाईंनाही हे काम मनापासून आवडत असे.

शेजारच्या खुर्चीत त्यांचे वडील बसले होते. गावातल्या निम्म्याअधिक दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या, म्हणून सगळे त्यांना पेंटर म्हणत. काचबिंदूने नजर गेली, ब्रश सुटले, तरी पेंटरच म्हणत. आज त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पहिल्याच रांगेत बसायचा हट्ट धरला होता. कारण हा वक्ता त्यांच्या घरी येऊन गेला होता. नजर शाबूत होती तेव्हाची गोष्ट. दुपारभर बसला, दोनदा चहा घेतला, भिंतीवरच्या, त्यांच्या हातच्या नकाशाचे फोटो काढले, आणि मुख्य म्हणजे पेंटरना त्याने ‘सर’ म्हटलं. आयुष्यात त्यांना ‘सर’ म्हणणारा तो एकटाच.

“अजून नाव नाही घेतलं ना माझं?” पेंटरनी हळूच विचारलं.

“नाही अजून.”

“शेवटी घेतात. आभाराच्या वेळी.”

सोन्याच्या घुमटांची ती नगरी एका रात्रीत समुद्राने गिळली, ही गोष्ट सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली. पेंटरचं म्हणणं वेगळं होतं. नगरी बुडालीच नाही, ते सांगत. पाणी वर्षानुवर्षं चढत होतं, लोकांना ते दिसत होतं. ते काय वेडे होते बुडायला? त्यांनी स्वतःच नगरी उतरवली, दगड न् दगड गलबतांत भरला आणि जिथे जिथे गेले तिथे थोडी थोडी परत बांधली. म्हणून समुद्राच्या तळाशी काही सापडत नाही. पुरावा म्हणून ते गावातल्या पोस्टाच्या पायरीकडे बोट दाखवत. तो दगड इथला नाहीच, असं त्यांचं ठाम मत होतं.

तो दगड गावाबाहेरच्या खाणीतला होता. खडकबाईंनी हे दर रविवारी जेवताना सांगितलं होतं. कॉलेजात शिकत होत्या तेव्हापासून सांगत होत्या. भिंग आणून दाखवलं, खाणीतला तुकडा आणून पानाशेजारी ठेवला. पेंटर तुकडा हातात घेऊन उलटसुलट करत आणि म्हणत, “खाणीत कुणी आणून टाकला, ते सांग.” आई होती तोवर ती दोघांच्या मध्ये आमटीचं पातेलं ठेवून म्हणायची, आधी जेवा, नगरी कुठे पळून जात नाही. ती गेल्यावरही भांडण चालूच राहिलं. घरात आवाज असा तेवढाच उरला होता.

“नगरी बुडाली नाही,” वक्ता व्यासपीठाच्या टोकाशी येऊन म्हणाला. “ती उतरवली गेली! दगड न् दगड! हा विचार मला प्रथम सुचला तेव्हा मी समुद्रकिनारी एकटाच उभा होतो.”

खडकबाईंची पेन्सिल थांबली.

पेंटरनी मात्र कोपराने त्यांना ढोसलं. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. “ऐकलंस? अगदी माझंच म्हणणं! त्यालाही तसंच वाटतं बघ.”

“हो. अगदी तुमचंच.”

“आता काय म्हणशील?”

बाईंनी वक्त्याकडे पाहिलं. समुद्रकिनारी एकटाच म्हणे! त्यांच्या घरातल्या लाकडी खुर्चीत बसला होता हा, आणि बिस्किटं संपवून गेला होता.

“आणि आता,” वक्त्याने आवाज खाली आणला, “जो आजवर कुणी पाहिला नाही असा पुरावा. एका जुन्या खलाशाच्या पेटीतून मिळालेला नकाशा. किमान चारशे वर्षांपूर्वीचा.”

पडदा उजळला. सभागृहात कुजबुज झाली.

“नकाशा?” पेंटर पुढे झुकले. “मला नव्हता बोलला तो असल्या नकाशाबद्दल. कसा आहे गं? सांग ना.”

खडकबाईंनी नकाशा ओळखला होता. सांगू नये, असं एकदा वाटलं. पण वडिलांशी त्या आजवर खोटं बोलल्या नव्हत्या; त्यांच्या आयुष्यभराच्या लाडक्या कल्पनेबद्दलसुद्धा नाही.

“समुद्र निळा आहे,” त्या म्हणाल्या. “लाँड्रीच्या पाटीचा निळा.”

पेंटरनी मान लेकीकडे वळवली.

“जमीन हिरवी. औषधाच्या दुकानाची पाटी केली होती, त्यातला उरलेला. उजवा कोपरा पिवळट केलाय यांनी, जुना दिसावा म्हणून. तुमची सही होती तिथे.”

पेंटरचे हात इतका वेळ काठीच्या मुठीवर होते, नाव पुकारल्याबरोबर उठता यावं अशा बेताने. त्यांनी काठी सावकाश खुर्चीला टेकवून ठेवली आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.

“बेट आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

लाल ठिपका नेमका त्या बेटावर गेला होता. “ही ती नगरी,” वक्ता सांगत होता. “पाहा, एकात एक गुंफलेले हे गोल कालवे! आणि त्या सगळ्यांना छेदून जाणारा हा सरळ राजकालवा. एवढी अचूक रेषा त्या काळी कुणी आखली असेल?”

खडकबाईंनी डावा हात उलटा करून पाहिला. चार-पाच वर्षांच्या असताना वडिलांच्या दुकानातल्या पत्र्याच्या कडेने अंगठा चिरला होता. जखम भरली, आडवा व्रण राहिला. त्याच अंगठ्याने त्यांनी ओल्या निळ्या समुद्रात तपकिरी रंगाचा ठसा उमटवला होता. आई ओरडली होती. पेंटर म्हणाले होते, असू दे, तिथे बेट होतं असं धरू.

“बाबा, मी बोलणार आहे.”

“जाऊ दे. लोकांपर्यंत पोचलं ना, बस.”

“मुळीच जाऊ देणार नाही!”

त्या इतक्या जोरात बोलल्या की वक्ता थांबला. संयोजकांना वाटलं, ठरल्यापेक्षा लवकर पण कार्यक्रम रंगायला लागला. त्यांनी लगबगीने माईक आणून दिला. फुल्यांचा कागद मांडीवरून खाली पडला. बाईंनी तो उचलला नाही.

“हा नकाशा माझ्या वडिलांनी रंगवलाय,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरात, प्लायवूडच्या फळीवर. हे पेंटर, इथेच बसलेत. नगरी उतरवली, दगड वाहून नेले, हा अख्खा विचार त्यांचा आहे. तुम्ही आमच्याकडे येऊन तो ऐकलात, फोटो काढलेत आणि त्यांची सही पुसलीत. लाज नाही वाटली?”

वक्ता सराईत होता. तो हसला. “मॅडम, तुम्ही भावुक झालात. पण मला आनंद आहे. तुमच्यासारख्या शास्त्रज्ञाला माझा सिद्धान्त आपल्या घरचा वाटावा, ही केवढी पावती! म्हणजे तो तुम्हाला मान्य आहे तर?”

सभागृहात हशा पिकला. मागच्या रांगांत कॉलेजची मुलं होती, दोन सहकारीही होते. बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. शेजारी वडील मान खाली घालून ऐकत होते.

“मान्य?” त्या म्हणाल्या. “साफ चूक आहे तो. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत चूक आहे. मी जन्मभर तो खोडत आलेय, पुढेही खोडणार. पण तो त्यांचा आहे. चुकीचा असला तरी त्यांचा आहे! तुम्हाला चुकायचंच असेल तर स्वतःच्या डोक्याने चुका.”

आता कुणी हसलं नाही.

पेंटर चाचपडत उठले. काठी त्यांनी घेतलीच नाही, लेकीच्या दंडाला धरून उभे राहिले. “एक दुरुस्ती आहे,” ते माईकच्या अदमासाने म्हणाले. “बेट सोडून. बाकीचं माझं, पण बेट माझं नाही. ते हिचं.”

त्यांनी लेकीचा हात शोधला, डावा अंगठा पकडला आणि आपलं बोट त्यावरून फिरवत फिरवत व्रणापाशी थांबले.

“हा तुमचा राजकालवा,” ते म्हणाले. “पत्रा लागला होता. फार रडली होती.”

पहिल्या रांगेतली एक बाई उठून जवळ आली. तिने चष्मा वर सरकवून अंगठा पाहिला, मग पडदा पाहिला, मग पुन्हा अंगठा. आणखी दोघं उठली. वक्त्याने हातातलं बटण दाबलं आणि पडदा पांढरा झाला.

खडकबाई वडिलांना खाली बसवायला लागल्या, पण पेंटर बसेनात. त्यांचा चेहरा पुन्हा फुलला होता.

“साफ चूक म्हणालीस ना?” त्यांनी विचारलं. “आणि पोस्टाची पायरी?”

“ती खाणीतली आहे, बाबा.”

माईक चालूच होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

“खाणीत कुणी आणून टाकली,” पेंटर म्हणाले, “ते सांग.”