बिडाची कढई आणि मास्तरांची शिकवणी

मी कढई बोलतेय. बिडाची, दोन कानांची, अंगानं भारी. कान असल्यामुळे ऐकू सगळं येतं आणि उलट बोलायची सवय नाही. म्हणून या घरात माझं सगळ्यांशी जमलं.

माझा जन्म भट्टीतला. वितळून साच्यात ओतले गेले, गार झाले आणि दुकानाच्या फळीवर येऊन बसले. गिऱ्हाइकं मला उचलायची, "बाई गं, केवढी जड!" म्हणायची आणि हलकीशी एखादी घेऊन जायची. मग एक नर्सबाई आल्या. त्यांनी मला एका हातानं उचललं. "ही द्या. मी रोज माणसं उचलते, हिचं काय मोठं!"

तेव्हापासून मी त्यांच्या घरी. घरात माणसं मोजकीच. नर्सबाई, त्यांचा नवरा आणि शाळेत जाणारी लेक चिमणी. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. दिवसभर नवशिक्यांशेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि गोड आवाजात "घाई नाही, घाई नाही" म्हणायचं, हा मास्तरांचा धंदा. घरी आल्यावर सोफ्यावर पडून "जेवायला काय?" विचारायचं, हा विसावा.

एके दिवशी नर्सबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "मला वॉर्डची मुख्य करताहेत. पण कायमची दुपारपाळी. नको म्हणून सांगते."

"का गं?" मास्तरांनी विचारलं.

"रात्रीचं जेवण कोण करणार?"

मास्तर हसले. "एवढंच ना? स्वयंपाकात काय आहे! मी करीन."

स्वयंपाकात काय आहे ते मला ठाऊक होतं. नर्सबाईंनाही होतं. त्यांनी रुग्णालयात थोडी मुदत मागून घेतली आणि तोवर दुपारपाळी करून बघायचं ठरवलं.

भात-भाजी काय कुणीही करील, म्हणून मास्तरांनी पहिल्याच संध्याकाळी मेजवानी काढली. मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवला आणि माझ्याखाली गॅस भडकवला. मोबाईलमधला आचारी म्हणाला, "आता मसाला घाला." मास्तर मसाला शोधायला गेले, सापडेना, फोन करून बायकोला विचारलं. तोवर कांद्याचा कोळसा झाला. चिमणी दूध-पाव खाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी भरलेली वांगी बाहेरून करपली, आतून कच्ची राहिली. मास्तर म्हणाले, "कढईच बरोबर नाही." ऐकून घेतलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

नर्सबाई जिन्यातच वास घेऊन समजायच्या. खिडक्या उघडायच्या आणि कामावरच्या कपड्यांतच अंडी उकडायच्या. अशा काही संध्याकाळी गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "उद्या नको म्हणून कळवते त्यांना."

या वेळी मास्तर हसले नाहीत. "एक दिवस थांब," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चिमणी ओट्याशेजारी स्टूल ओढून बसली. "बाबा, तुमच्याकडे शिकायला येणारे पहिल्या दिवशी घाटात गाडी नेतात?"

"छे! मोकळ्या मैदानात."

"मग?"

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मोबाईल उचलून कपाटावर ठेवला. "आई काय करते सांग."

"आधी गॅस बारीक करते."

थोडं तेल, कांदा, मटार, गाजर, धुतलेले तांदूळ, पाणी. वाफ दिसेना म्हणून मास्तरांचा हात दोनदा बटणाकडे गेला. चिमणी त्यांच्याच गोड आवाजात म्हणाली, "घाई नाही, घाई नाही." मास्तरांनी हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून माझ्यात पुलाव सुखानं शिजला.

नर्सबाई आल्या, जिन्यात थबकल्या, हात धुऊन ताटावर बसल्या.

"कसा झालाय?" मास्तरांचा आवाज लायसनच्या परीक्षेला बसलेल्यासारखा.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि आणखी वाढून घेतलं. सकाळी त्यांनी फोनवर सांगितलं, "हो. घेते मी वॉर्ड."

आता मास्तर आचारी झाले आहेत, निदान त्यांच्या मते. गाडी शिकवताना सिग्नलला थांबले की कांदा कसा परतावा ते सांगतात. शेजारणी म्हणतात, "किती हो मदत करतात बायकोला! नशीब लागतं!" इतकी वर्षं नर्सबाई रोज रांधत होत्या, तेव्हा कुणाच्या नशिबाची चौकशी झाली नव्हती. त्या नुसत्या हसतात. मी तर कढईच.

माझी विनंती एकच. मला धुतल्यावर कोरडी पुसा, ओली ठेवली तर गंज चढतो. आणि ताटावर बसल्यावर काय कमी पडलंय ते जरूर सांगा, पण आधी पहिला घास गिळा.

बटाटे पडले. टोमॅटोही पडला. मास्तर झाकण घेऊन आलेच. आता मला तोंड मिटायला हवं, नाहीतर वाफ जाईल.