थंडीत सूर्य जवळ की लांब

चष्मेवाल्या ताईंना त्या प्रश्नाचं उत्तर येत होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढंही येत नाही आणि बाई निघाल्या प्रश्नमंजूषेला!

वाचनालयाच्या सभागृहात दरवर्षी ऐन थंडीत ही प्रश्नमंजूषा व्हायची. जोडीजोडीनं खेळायची. प्रश्न विचारायला निवृत्त मास्तर, आणि प्रश्न सगळे जुन्या आठवणींचे नाहीतर ऋतूंचे. कंदिलाची काच कशानं पुसायचे, सायकलच्या दिव्याला वीज कुठून मिळायची, थंडीत मधमाश्या पोळ्यात काय करतात. एकेकाळी ताईंनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं, बारकीनं, इथं भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. जुन्या वस्तू ताईंच्या, आकाश आणि प्राणी बारकीचे, अशी वाटणी.

मग बारकी लांबच्या शहरात राहायला गेली. चष्म्याचं दुकान दोघींनी मिळून चालवायचं ठरलं होतं, आणि ही निघाली बाडबिस्तरा गुंडाळून! ताईंचा पारा चढला. "जा. पण फोन आधी तू करायचास," त्या म्हणाल्या. "बघू कोण करतं ते," बारकी म्हणाली. दोघी एकाच माळेचे मणी, माघार घेणार कोण?

आई होती तोवर निरोप तिच्यामार्फत जात. "तिचा खोकला बरा झाला का विचार," असं ताई भाजी निवडता निवडता भिंतीकडे बघून म्हणायच्या, आणि आई मुकाट्यानं फोन लावायची. आई गेली त्या दिवशी दोघी एकाच खोलीत बसून होत्या, पण बोलल्या त्या आल्यागेल्याशी. त्यानंतर सगळंच थांबलं. दुकानात गिऱ्हाइकाला समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावताना ताईंच्या मनात यायचं, बारकीलाही आता चष्मा लागला असेल. कोण तपासत असेल तिचे डोळे?

प्रश्नमंजूषेला मात्र त्या एकट्याच जात राहिल्या. नियम जोडीचा होता, पण ताईंशी हुज्जत घालायची कुणाची टाप? शेजारच्या खुर्चीवर त्या आपली पर्स ठेवायच्या.

यंदा मास्तरांनी नवीनच टूम काढली. अडलं तर कुणालाही एक फोन लावायचा, सगळ्यांना ऐकू येईल असा, आणि घंटा व्हायच्या आत उत्तर द्यायचं. ते ऐकलं मात्र, ताईंचा जीव खालीवर व्हायला लागला. फोन बहिणीसाठी नव्हे, प्रश्नासाठी! यात माघार कुठे आली? फक्त एखादा प्रश्न अडायला हवा होता, आणि मेले सगळेच येत होते.

शेवटच्या प्रश्नापर्यंत ताई आणि पोस्टमास्तर नवराबायको बरोबरीत. मास्तरांनी घसा खाकरला. "आपल्याकडे कडाक्याची थंडी असते, तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ असते की लांब?"

लहानपणी एका रजईत झोपताना यावरून केवढं रणकंदन झालं होतं! ताई म्हणायच्या लांब, थंडी वाजते म्हणजे लांबच. बारकी म्हणायची जवळ, पण पृथ्वी कललेली असते, म्हणून आपल्याकडे ऊन तिरकं पडतं. ताईंनी तिला पायानं रजईबाहेर ढकललं होतं. पुढे पुस्तकात वाचून खरं काय ते कळलं, पण कबूल केलं असेल तर शपथ.

"अडलंय," ताई म्हणाल्या. "बहिणीला फोन लावते."

रिंग वाजत राहिली. चारचौघांत फजिती झाली तर होऊ दे, पण तिनं उचललाच नाही, तर पुन्हा लावायला निमित्त कुठून आणायचं?

"हॅलो?" आवाज थोडा जाड झाला होता.

"बारके, मी बोलतेय. प्रश्नमंजूषेतून. थंडीत सूर्य जवळ असतो की लांब?"

पलीकडे बारकी एकदम उसळली, "हे तुला येत नाही? अगं, यावरून तू मला रजईतून ढकललं होतंस! किती कुडकुडले होते मी!"

सभागृह खो खो हसलं.

"वेळ जातोय. उत्तर सांग."

"मुळीच नाही. तूच सांग."

मास्तरांचा हात घंटेकडे गेला. ताईंनी फोन तोंडाजवळ धरला. "मला येतं गं," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज ऐकायचा होता. फार आठवण येते तुझी."

घंटा झाली.

"जवळ असतो," ताई म्हणाल्या. "तूच बरोबर होतीस."

"उशीर झाला, ताई," मास्तर हळूच म्हणाले. पोस्टमास्तरीणबाईंनी डोळे पुसत "जवळ" म्हटलं आणि त्यांची जोडी जिंकली. मास्तर फोन बंद करायला पुढे झाले, तेव्हा ताईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते होते तिथेच थांबले.

"ताई," फोनमधून आवाज आला, "माझ्या खुर्चीवर कोण बसतं गं आता?"

"कुणी नाही. माझी पर्स बसते. मेलीला काही म्हणजे काही येत नाही."

पलीकडे बारकी हसली की रडली, कळायला मार्ग नव्हता.

"उचल तिला तिथून," ती म्हणाली.

ताईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली.