हिरव्या पोशाखासाठी दोन नाणी

अंत्यसंस्कारगृहात सकाळी दहाच्या आत कपडे द्यायचे होते. यीझेनच्या एका हातात काकांनी आणलेला काळा सूट होता, दुसऱ्या हातात हिरवा रेशमी पोशाख, बाबांनी स्वतः शिवलेला. कोणता घालायचा ते लेकीने सांगायचं होतं, आणि लेकीला कळत नव्हतं.

गेली बावीस वर्षं बाबा तैपेईत श्यूयुन या नावाने बाई म्हणून जगले होते.

काका म्हणत होते, वर आईवडील वाट बघत असतील, या वेषात त्यांना पोरगा ओळखू कसा येणार? ते भांडत नव्हते, खरंच विचारत होते.

पलीकडे बाओ उभा होता. त्याचा समलिंगी पुरुषांचा बार. दरवर्षी प्राइडच्या मिरवणुकीच्या पुढे धरतात ते सप्तरंगी लांबलचक कापड श्यूयुनने त्याच बारच्या मागच्या खोलीत शिवलं होतं.

"मागच्याच खोलीत," बाओ म्हणाला. "पुढे बसू दिलं नाही आम्ही तिला. म्हणे गिऱ्हाइकं बिचकतात. तिचीच माणसं आम्ही, तरीही. आज तरी ताईला तिचे कपडे घाल, पोरी."

यीझेनला दोघांचंही पटत होतं. बाबांनीच तिला बजावलं होतं, जगाला मी श्यूयुन, तुला मात्र बाबाच. मग आत निजलंय ते कोण?

शेवटी रीतीप्रमाणे गेलेल्या माणसालाच विचारायचं ठरलं. दोन नाणी टाकायची. एक छापा, एक काटा म्हणजे होकार. दोन्ही काटे म्हणजे नकार. दोन्ही छापे पडले तर माणूस नुसतं हसतंय.

काकांनी विचारलं, "दादा, सूट ना?" दोन्ही छापे.

बाओने विचारलं, "ताई, हिरवा ना?" पुन्हा दोन्ही छापे.

"हसतेय बया," बाओ म्हणाला. "जिवंतपणी तरी कुठे सरळ उत्तर द्यायची?"

काकांनाही हसू आलं, ते त्यांनी घाईने गिळलं.

यीझेनने नाणी उचलली. "बाबा," ती म्हणाली, "हिरवा घालू?"

एक छापा, एक काटा.

असला होकार सलग तीनदा यावा लागतो, काका पुटपुटले. तिलाही ते माहीत होतं. पण तिने नाणी मुठीत आवळली ती सोडली नाहीत.

दारातल्या कर्मचाऱ्याने कागद पुढे केला. मयत तुमचे कोण?

"वडील," ती म्हणाली आणि पोशाख त्याच्या हातात दिला.

त्याने पोशाखाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हाच ना?"

"हाच. बाह्या जपून चढवा. शिवण नाजूक आहे."