खालचा समुद्र

ॲलिस्टरची कुदळ वीतभर आत गेली आणि दगडावर आपटावी तशी टणकन वाजली. दगड नव्हता. काउंटीच्या शेती खात्यात उभं आयुष्य काढलेला तो उंच माणूस गुडघ्यांवर बसला आणि हातानं माती बाजूला सारू लागला. ज्युलियस त्याच्याशेजारी ओणवा झाला. ज्युलियसची बायको डोरोथी वाऱ्यानं उडणारा स्कार्फ धरून जरा मागे उभी होती.

वरचा भुरकट थर निघाला. खाली मातीचे काळपट खांब दिसले, एकाला एक चिकटलेले, माथे पावासारखे गोल.

"मुळं इथपर्यंत येतात आणि आडवी वळतात," ॲलिस्टर इंग्रजीत म्हणाला. "पाण्याचंही तेच. ओली झाली की ही माती मिटून जाते, सुकली की सिमेंट. या भागात तिचे पट्टे आहेत. तुमची सगळी जमीन त्यातच आलीय."

ज्युलियस वसईचा, वाडीवाल्यांच्या घरातला. केळी, पानवेली, बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, गोडं पाणी यांत तो लहानाचा मोठा झाला. पुढे वाडीवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, आणि तो कॅनडात, ब्रॅम्पटनच्या वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवत म्हातारपणाकडे झुकला. दोन हजार आठच्या जूनमध्ये तो डोरोथीला ही अल्बर्टातली जमीन दाखवायला घेऊन आला. गुडघाभर गवत वाऱ्यावर लवत होतं.

"एवढं गवत येतं तिथे वांगं यायचं नाही होय?" तो म्हणाला होता. कित्येक वर्षांत तो असा हसला नव्हता, म्हणून डोरोथी हो म्हणाली.

पहिल्या वर्षीची रोपं फ्रॉस्टनं गेली. यंदा ज्युलियसनं ती बेसमेंटमध्ये दिव्याखाली वाढवली, हवा तापल्यावर लावली. बोटभर वाढून ती थांबली. पानांच्या कडा करपल्या. पाऊस पडला की वाफ्यात तळं साचायचं, ते आटलं की जमीन तडकायची. ज्युलियस शेणखत घालत राहिला, वाकून रोपांशी बोलत राहिला. डोरोथी खिडकीतून बघायची. शेजारची कॅरल कधीमधी अंडी घेऊन यायची, तेवढीच बोलायला माणूस. चर्च तासाभराच्या ड्राइव्हवर. ब्रॅम्पटनला परत जायला मिळू दे, एवढंच ती रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत मागायची. ज्युलियसला मात्र एका शब्दानं कधी म्हणाली नव्हती. जमीनच काय ते सांगेल, असं ती धरून चालली होती.

ॲलिस्टरनं आणखी खणलं. खांबांच्या तळाशी पांढरे ठिपके चमकले. ज्युलियसनं चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली.

"खारट," तो डोरोथीकडे बघून मराठीत म्हणाला. मग त्यानं ॲलिस्टरला विचारलं, "इथे मीठ कुठून आलं? समुद्र केवढा लांब."

"आता लांब आहे. फार पूर्वी इथेच होता. त्याचा गाळ अजून खाली आहे."

"खोल नांगरलं तर? काही लोक करतात म्हणे."

"काही ठिकाणी उपयोग होतो. इथे मीठ फार वर आहे, नांगराबरोबर तेच निघेल." ॲलिस्टरनं टोपी काढून पुन्हा घातली. "घरापुरतं हवं तर बाहेरची माती आणून लाकडी पेट्यांत लावा. बाकी गवत राहू द्या. त्याला इथल्या भेगा ठाऊक आहेत."

तो ट्रककडे निघाला तशी डोरोथी त्याच्यामागे गेली.

"काहीच नाही का करता येणार?"

तिचं तिलाच नवल वाटलं.

"असतं तर मी सांगितलं असतं, मॅडम," ॲलिस्टर हळू म्हणाला आणि ट्रकमध्ये बसला.

ती परत आली तेव्हा ज्युलियस खड्ड्यात पाय सोडून बसला होता. हातातलं ढेकूळ तो दाबून बघत होता. ते फुटत नव्हतं.

"डोरोथी, मी दमलो गं."

डबल शिफ्ट करून आल्यावर, वडिलांच्या मातीला जाता आलं नाही त्या दिवशी, कधीच हे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. चल, परत जाऊ. डोरोथीच्या जिभेवर कधीचं तयार असलेलं वाक्य होतं. ज्युलियसही खाली मान घालून जणू त्याचीच वाट बघत होता.

"पेट्या करू," ती म्हणाली. "कॅरलकडे जुन्या फळ्या पडल्यात. मी विचारते तिला."

"पेटीत वाडी होते का?"

गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि वाफ्यांकडे न बघता घरात गेला. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत राहिला.

डोरोथीनं फावडं उचललं आणि खड्डा बुजवायला घेतला. निघालेली माती आत मावेना. वर उंचवटा राहिला. ती त्यावर उभी राहून पायानं दाबू लागली.

उघड्या खिडकीतून ज्युलियसचा आवाज आला. तो फोनवर होता. वेअरहाऊसच्या जुन्या सुपरवायझरला विचारत होता, फोर्कलिफ्टवर माणूस हवाय का, नाइट शिफ्टही चालेल.

डोरोथी माती दाबत राहिली.