लिंका मी बदलल्या

बाळीवेशीत तेवीस वर्षं मी कॉम्प्युटर शिकवतोय आणि माझी चूक काढणारा विद्यार्थी मला खपत नाही. वळसंगची शिवलीला रोज काढायची.

तिची आई मल्लव्वा हिनं घरात एकेचाळीस जातींचं देशी बियाणं राखलंय. शिवलीलानं त्याची वर्ड फाइल केली. नावावर क्लिक केलं की फोटो उघडायचा, शेजारच्या लिंकवर मल्लव्वाचाच आवाज. हे बियाणं मल्लव्वाच्या नावानं नोंदवायचं की नाही, ते एक समिती ठरवणार होती. फाइल दाखवायला वेळ दहा मिनिटं.

आमचं वाजलं ते लिंकांवरून. माझा नियम एकच, पत्ता पूर्ण हवा: कुठली ड्राइव्ह, कुठलं फोल्डर, सगळं.

"सर, फाइल अन् फोटो एकाच फोल्डरात हायत. 'शेजारी बघ' म्हटलं की झालं की. बिऱ्हाड हललं तरी शेजार संगंच जातोय."

पोरीनं मला शिकवावं? समितीपुढं जायच्या आदल्या दिवशी तिच्या पेनड्राइव्हवरच्या फाइलमधल्या सगळ्या लिंका मी गुपचूप बदलल्या. क्लासमध्ये झकास चालल्या.

समितीच्या लॅपटॉपवर शिवलीलानं पहिल्या नावावर क्लिक केलं. फाइल सापडत नाही. दुसऱ्यावर केलं, तेच. मी दिलेला पत्ता माझ्या क्लासच्या डी ड्राइव्हचा होता आणि तो कॉम्प्युटर बाळीवेशीत. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच. मल्लव्वा पदर चाचपत लेकीकडं बघत राहिली. समितीतल्या एकानं घड्याळ पाहिलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे. लिंका मी बदलल्या."

शिवलीला चिडली नाही. "तुमचा सोभाव ठाऊक हाय, सर. त्याच फोल्डरात एक कॉपी दुसऱ्या नावानं ठेवलीया."

तिनं ती उघडली. सभागृहात मल्लव्वाचा आवाज घुमला, "दगडी जोंधळा राखंत घालून ठिवावा, कीड लागत न्हाय." खुर्चीतली मल्लव्वा स्वतःलाच ऐकून हसली. दहा मिनिटं कधीच संपली होती, पण कुणी थांबवलं नाही. नोंद मल्लव्वाच्याच नावानं झाली.

अध्यक्षबाईंनी शिवलीलाला विचारलं, "हे सगळं कुणी शिकवलं तुला?" तिनं सरळ माझ्याकडं हात केला.

ऊर भरून आला. हरल्याचा एवढा अभिमान मला जन्मात वाटला नव्हता.

"बाई, मी शिकवलेलं मघाशी बंद पडलं," मी म्हणालो. "चाललं ते हिचं."