तळातलं खारं पाणी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बोटीच्या तळातला पंप आपोआप सुरू झाला. तळात पाणी ठरावीक पातळीच्या वर चढल्याशिवाय तो सुरू होत नाही, आणि त्या हिवाळ्यात तो एकदाही सुरू झाला नव्हता.

ती जागीच होती. हिवाळ्यात शिडाच्या बोटीवर संसार थाटलेल्या माणसाचा दिवस खिडक्या पुसण्यापासून सुरू होतो. तीन माणसांचा रात्रभरचा श्वास काचांवर थेंब होऊन बसतो आणि वेळीच टिपला नाही तर गाद्यांत उतरतो. हातातलं फडकं तसंच टाकून तिनं टेबलाखालची फळी उचलली आणि बॅटरीचा उजेड आत मारला. तळ ओला होता. पंपानं ओढूनही टोपभर पाणी उरलं होतं.

"अहो, उठा. तळात पाणी आहे."

नवरा ताडकन उठला आणि त्याचं कपाळ छतावर आपटलं. बोटीवर राहायला आल्यापासून त्या कपाळाचं आणि त्या छताचं पटलंच नव्हतं.

"गोडं की खारं?" कपाळ चोळत त्यानं पहिलं तेच विचारलं.

तळातलं पाणी गोडं असेल तर ते पावसाचं, नाहीतर पिण्याच्या टाकीचं. चिंध्या कोंबल्या, पाइप आवळला की काम भागतं. खारं असेल तर समुद्र आत येतोय. तिनं करंगळीचं टोक ओलं करून जिभेला लावलं. नवऱ्यानंही लावलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खारं होतं.

पुढच्या खोलीचं दार सरकवून बाबा बाहेर आले. बाबा म्हणजे तिचे सासरे. अंगात दोन स्वेटर, वर मफलर, पायात लेकाचे मोजे. बंदरातले लोक त्यांना कॅप्टन म्हणायचे. त्यात निम्मी थट्टा होती, कारण उभ्या आयुष्यात बाबा या बोटीतून बंदराच्या तोंडापलीकडे गेले नव्हते. बोट त्यांनी स्वतः बांधली होती. पण समुद्रावर निघणं राहूनच गेलं: आधी नोकरी, मग सासूबाईंचं लांबलेलं आजारपण, मग त्यांचे स्वतःचे गुडघे. दरवर्षी पुढच्या वर्षी जाऊ म्हणायचे. या वसंतात मात्र जायचं पक्कं झालं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "यंदा न्या. पुढच्या वर्षीचं मी काही बोलणार नाही."

बाबा वाकले, चव घेतली, आणि बराच वेळ करंगळीकडे बघत राहिले.

"समुद्रच आहे," ते म्हणाले. "चला, तो तरी आला आपल्याकडे."

कोणी हसलं नाही.

पाणी कुठून येत असेल याबद्दल नवऱ्याच्या मनात शंका नव्हती. पानगळीत बोट या धक्क्याला आणताना सुकाणू त्याच्या हातात होतं, आणि ओहोटीच्या वेळी बोटीचा तळ एका खडकाला घासला होता. धक्का हलकाच होता, कप फुटले नव्हते. पण बोटीच्या पोटाखाली जो लोखंडी पंख लटकतो, जो वाऱ्यात बोटीला आडवं होऊ देत नाही, तो बोल्टांनी आवळलेला असतो. तो सांधा हलला असेल तर बोट पाण्यातून वर काढण्याला पर्याय नाही. नवरा इंजिनं दुरुस्त करायचा. त्याला बोल्ट म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं, आणि खडक कोणामुळे लागला तेही.

आठ वाजता त्यानं क्रेनवाल्याला फोन लावला. फोन टेबलावर ठेवलेला होता, त्यामुळे तिघांनाही ऐकू येत होतं.

"तुमचं नशीब," क्रेनवाला म्हणाला. "उद्या सकाळची पहिली उचल मोकळी झालीय. पण एक सांगून ठेवतो. तुमची बोट आवारात अगदी आत, भिंतीकडे ठेवावी लागेल, आणि तिच्यापुढे पाच-सहा बोटी लागणार. एकदा आत गेलात की उन्हाळ्यापर्यंत बाहेर निघायचं नाव नको."

"उन्हाळ्यापर्यंत?"

"मग काय पुढच्या बोटी डोक्यावरून उडवू? नको असेल तर संध्याकाळी सहाच्या आत कळवा. ऑफिस सहाला बंद होतं. मागे माणसं थांबलीत."

नवऱ्यानं हो म्हणून फोन ठेवला. बोट जमिनीवर टेकू लावून उभी राहिली की वर चढायला उभी शिडी लागते, आणि बाबांच्या गुडघ्यांना ती झेपणार नव्हती. म्हणजे बाबांनी लेकीकडे जायचं. त्यानं बहिणीलाही लगेच कळवलं. ती आठव्या मजल्यावर राहायची.

"वहिनी, मी म्हणतच होते," वन्सं फोनवर म्हणाल्या. "या वयात माणसाला पाण्यावर ठेवायचं म्हणजे काय? इथे लिफ्ट आहे, हीटर आहे, गरम पाणी आहे. बाबांची बॅग भरा. आणि ते हो-नाही करायला लागले तर मला द्या फोन."

"हो-नाही करत नाहीयेत वन्सं. काहीच बोलत नाहीयेत."

"मग तर जास्तच काळजी आहे."

बाबा खरंच बोलत नव्हते. ते आपल्या बिछान्यावर बसून लोकरी टोपीची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. तिला ते बघवेना. तिनं चहा टाकला. मग धक्क्यावरचा नळ हिवाळ्यापुरता बंद होता म्हणून कॅन घेऊन बंदराच्या कचेरीच्या आवारातून पाणी आणलं. परत येताना शेजारच्या बोटीवरच्या निवृत्त शिक्षिका भेटल्या. त्यांना बंदरात सगळे बाईच म्हणत.

"रात्री पाऊस काय लागला हो," बाई म्हणाल्या. "थंडी सैल पडली एकदाची. डेकवरचा बर्फ गेला की नाही तुमचा?"

"गेला बाई."

"मग तोंड का असं?"

"पंप सुरू झाला."

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. बोटीवर राहणाऱ्याला एवढं पुरतं. फक्त म्हणाल्या, "काही लागलं तर हाक मारा. सरळ आत या, दार वाजवत बसू नका."

दहाच्या सुमारास पंप पुन्हा चालला. नवरा तळात डोकं घालून पोटावर आडवा पडला होता. एकेक बोल्ट पुसायचा, बॅटरी मारायचा, बोटानं चाचपायचा. "दिसत नाही काही," तो म्हणायचा, आणि दर वेळी आवाज आदल्यापेक्षा खाली जायचा.

"दिसत नाही म्हणजे चांगलं ना?" तिनं विचारलं.

"दिसत नाही म्हणजे अजून वाईट. दिसलं असतं तर आवळलं तरी असतं."

हातावर हात ठेवून बसणं तिला जमत नसे. शिडं शिवणं हा तिचा धंदा होता. अर्ध्या बंदराची फाटकी शिडं तिच्या मशीनखालून जायची. स्वतःच्या बोटीचं मोठं शीड मात्र कामाच्या गडबडीत मागे पडलं होतं. त्याच्या कडेची शिवण उसवली होती आणि वसंताआधी ती पुरी करायची होती. आता घाई कशाची, हे मनात आलंच. पण मशीन टेबलावर होतं आणि शीड मांडीवर होतं. तिनं मशीन डोलकाठीजवळ सरकवलं. डोलकाठी छतातून खाली येऊन केबिनच्या मधोमध तळापर्यंत गेलेली होती. तिच्या टेकूनं शीड पसरायला बरं पडायचं.

शिवण संपली. तिनं दोरा ओढला आणि नेहमीच्या सवयीनं दातानं तोडला.

दोरा खारट लागला.

ती थांबली. तिनं शिडाचा कोपरा चाचपला. ओला होता. जिभेला लावला, खारट. वर पाहिलं. डोलकाठीच्या मागच्या बाजूनं, नजर जाणार नाही अशा ठिकाणी, पाण्याचा एक बारीक ओघळ उतरत होता, तिच्या डोक्याच्याही वरून. तो फळीच्या फटीतून तळात जात होता. तिनं उभं राहून छताजवळ डोलकाठीभोवती बसवलेल्या लाकडी गोलाला हात लावला आणि बोट चाटलं.

"अहो," ती म्हणाली. "डोकं बाहेर काढा."

"थांब, हा शेवटचा बोल्ट..."

"बोल्ट राहू दे. समुद्र खालून वर चढतो, इतपत मला कळतं. वरून खाली कधीपासून यायला लागला?"

तो वर आला, यावेळी टेबलावर डोकं आपटून. त्यानं गोलाखाली हात धरला, एक थेंब घेतला, चाखला. आणखी एक घेतला.

"हा डेकवरून येतोय. पावसाचं पाणी आहे. मग खारं कसं?"

"तेच विचारतेय. डेकवर मीठ कुठून आलं?"

पुढच्या खोलीत टोपीची घडी थांबली. बाबा दारात आले. चेहऱ्यावरचा रंग आधी गेला आणि मग दुप्पट परत आला.

"सूनबाई," ते म्हणाले, "रागवायचं नाही."

"आधी सांगा."

"धक्क्याच्या तोंडाशी ते पिंप आहे ना मिठाचं? बर्फावरून पाय घसरू नये म्हणून टाकतात ते? त्यातलं थोडं आणायचो मी."

"थोडं?"

"डबाभर. रोज. डोलकाठीच्या बुंध्याशी जरा जास्तच टाकायचो. तिथे हात धरून उभं राहायला बरं पडतं."

हिवाळ्याच्या सुरुवातीला बाबा डेकवर घसरले होते. तेव्हापासून तिनं नियम केला होता की, ऊन पडल्याशिवाय त्यांनी बाहेर पाऊल टाकायचं नाही. तो नियम बाबांनी रोज पहाटे मोडला होता, सगळे उठायच्या आत, दोर तपासायला. पण पडू नये याची पुरेपूर काळजी घेऊन. एवढा मिठाचा सडा घालणाऱ्या माणसाला तळातलं पाणी चाखूनही काही आठवलं नव्हतं, आणि यातच सगळं आलं. त्यांनाही सकाळपासून एकच गोष्ट दिसत होती: बोट फुटली, आता जाणं नाही.

"अहो बाबा!" नवरा एवढंच म्हणाला आणि मटकन जिन्यावर बसला. मग त्याला हसू फुटलं. ते आवरेना. "मी सकाळपासून त्या खडकाला शिव्या घालतोय! माझ्या सात पिढ्यांना घालून झाल्या!"

"त्यात मीही आलो की रे गाढवा," बाबा म्हणाले.

तिचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता. वरून पाणी येतं हे खरं, पण सगळं पाणी वरूनच येतं हे कुठे ठरलं होतं? बाबांच्या पांढऱ्या शर्टांसाठी ठेवलेली निळीची बाटली तिनं काढली, बादलीत दाट नीळ कालवली, वर गेली आणि डोलकाठीच्या बुंध्याशी हळूहळू ओतली. थंडीनं तिथली रबरी पट्टी तडकली होती. बोटानं दाबली की फट उघडी पडत होती.

"आलं का?" तिनं वरून ओरडून विचारलं.

"कुठे काय?" खालून नवरा.

"आलं का आता?"

मग खालून बाबांचा आवाज, एखाद्या पोरासारखा उंच चढलेला. "निळं! सूनबाई, निळं आलं! तळ अगदी शाईच्या दौतीसारखा झालाय!"

शेजारच्या बोटीतून बाईंनी मान बाहेर काढली. डेकवर बादली घेऊन उभी असलेली, कोपरापर्यंत निळी झालेली शेजारीण आपली आपणच हसतेय, हे त्यांनी पाहिलं. "काय झालं, विचारू की नको?"

"विचारा बाई, विचारा! बोट फुटलेली नाही. आमच्या सासऱ्यांनी तिला लोणच्यासारखं मुरत घातलं होतं!"

दुपार कामात गेली. डेक गोड्या पाण्यानं धुऊन झाला. नवऱ्यानं जुनी पट्टी खरवडून काढली, नवी आवळून बसवली, वरून चिकटपट्टीचे वेढे दिले. तळ स्पंजनं टिपला, मग फडक्यानं, मग हीटर खाली सोडून पार कोरडा केला. शेवटी तळात वर्तमानपत्राचे कागद अंथरले, म्हणजे थेंब आला तर डाग दिसेल. बाबांनी बटाटे उकडायला लावले आणि ते कधी नव्हे ते गुणगुणत होते. वन्संचा फोन आला तेव्हा त्यांनीच उचलला. "बॅग? कसली बॅग? अगं, इथे घरकाम पडलंय," असं म्हणून ठेवूनही दिला.

तिनं पहिल्यांदाच अंग सैल सोडलं. सकाळपासून दाबून धरलेले खांदे दुखतायत, हे तिला तेव्हा कळलं. निळ्या हातांनीच तिनं उकडलेला बटाटा खाल्ला. इतकी चव तिला कशालाच लागली नव्हती.

"करतो क्रेनवाल्याला फोन," नवरा म्हणाला. "नको म्हणून सांगतो."

"पुन्हा बघा आधी."

"दोनदा बघितलं. कोरडं आहे."

"आता भरती चढतेय. बोटीवर पाण्याचा भार आत्ता जास्त आहे. तिसऱ्यांदा बघा."

"अगं, बोट तरंगते. भरती आली की तीही वर जाते. भार तेवढाच राहतो."

"माहितेय मला," ती म्हणाली. "तरी बघा."

लेकाच्या आधी बाबाच गुडघ्यावर हात टेकवून खाली वाकले आणि त्यांनी फळी उचलली. तिनं बॅटरी धरली. नवऱ्याच्या हातात फोन होता, नंबर लावलेला, बटण दाबायचं बाकी.

संध्याकाळी पावणेसहाला कागद पूर्ण कोरडे होते. बाहेर पुन्हा पाऊस लागला होता. क्रेनवाल्याचं ऑफिस बंद व्हायला पंधरा मिनिटं उरली होती आणि फोन अजून केलेला नव्हता.