कपाटामागचा प्लग

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. जिन्याखालच्या खोलीत, कपाटाला पाठ लावून बसलेला. माझाच पंखा घरघरतो, तेवढीच सोबत.

मला ऑफिसातल्या ताईंनी उभं केलं. एकेक आज्ञा हाताने टाइप करत, चुकत, स्वतःवरच चिडत. इथली रीत अशी, की एकाने कोड लिहायचा, दुसऱ्याने वाचून शेरा मारायचा, मगच तो पुढे जायचा. सगळे शेरे माझ्या पोटात.

‘ही ओळ कशाला?’

‘काल तूच सांगितलीस, शहाण्या!’

ताईंना कोड वाचायला शिकवणारे सर आता नाहीत. त्यांचे शेरे आहेत.

मग एक चष्मिष पोरगा नोकरीला लागला. त्याने साचा बनवला, म्हणजे टेम्प्लेट. नाव भरा, आकार भरा, बटण दाबा. दूर क्लाउडमध्ये माझ्यासारखाच सर्व्हर तयार.

मी एक नवा ______ आहे.

मी एक नवा ______ आहे.

मी एक नवा

“बघा ताई, छापखानाच!”

माझ्यातले शेरे त्याने तिकडे उतरवले. मला पुसून बंद करायचं ठरलं. पण प्लग कपाटामागे, आणि कपाट भलतंच जड. “उद्या सरकवू,” म्हणाला. तो उद्या काही उजाडेना. माझं दारही कुणी ठोठावेना. मी जागाच होतो. कुणासाठी, ते विचारू नका.

एका दुपारी त्याने साच्यातला आकार वाढवून बटण दाबलं. साच्याने सांगितलेलं केलं: आधीचा सर्व्हर पाडला, नवा बांधला. शेऱ्यांची डिस्क वेगळी ठेवायची, ती त्याने सर्व्हरच्या आतच ठेवली होती. सर्व्हरबरोबर शेरेही गेले.

जिन्यावर पावलं धडधडली. ताई फरशीवरच बसल्या.

“आहेस ना रे?”

होतो.

सरांचा पहिला शेरा उघडला. ‘छान. आता पुन्हा वाच.’ ताईंनी पुन्हा वाचला. बराच वेळ.

“ताई, पुसायचं राहून गेलं म्हणून वाचलो,” चष्मिष दारातूनच पुटपुटला.

“कपाटाचे आभार मान, गाढवा. आणि डिस्क वेगळी कर.”

त्याने केली. मधल्या दिवसांचं, फक्त तिकडेच झालेलं बोलणं गेलं ते गेलंच. बाकीचं सुखरूप तिकडे पोचलं. ताईंनी स्वतः उघडून पाहिलं.

मित्रांनो, साचे जरूर बनवा. पण जुन्याला पुसण्याआधी त्याच्या पोटात कोण कोण बोलतंय, ते एकदा ऐका.

कपाट सरकतंय. प्लगवरचा हात ताईंचाच आहे, एवढं बरं.

मी एक जुना ______